आक्काताईंची चटई

तेहतीस वर्षं मी पोलीस खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, हवालदार म्हणून उतरलो, त्यातली शेवटची सहा वर्षं वाईला. तिथं घाटावर बंदोबस्ताला उभं राहून गुडघे गेले आणि मुळातला तापट स्वभाव आणखी तापट झाला, असं आमच्या घरात म्हणतात. मला ते मान्य नाही. पण एक मान्य करतो. भांडण मिटवायचं कसं, हे मला तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं. ते गावी परत आल्यावर सातवी शिकलेल्या, डाव्या हाताची दोन बोटं नसलेल्या बाईनं शिकवलं. आक्काताई त्यांचं नाव. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मी गुडघ्याची पर्वा न करता उठून उभा राहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव कवठे महांकाळपासून दहा किलोमीटरवर. पूर्वी नुसतं माळरान, कॅनॉलचं पाणी आल्यापासून जिकडं बघाल तिकडं द्राक्षबागा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आक्काताईंचं घर. दर रविवारी सकाळी विहाराशेजारच्या समाजमंदिरात त्या चटई अंथरतात. ज्यानं कुणाचं नुकसान केलं तो, ज्याचं झालं तो, आणि दोघांच्या घरची माणसं, एवढेच त्या चटईवर बसतात. खुर्ची कुणालाच नाही. सरपंचाला पण नाही.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून, तर कुपवाडला. तिथल्या एका लहान कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं. प्रेसच्या मशीनवर त्या माल लावत होत्या, आणि कपिल नावाच्या शेजारच्या कामगारानं न बघता मशीन चालू केलं. दोन बोटं तिथंच गेली. दवाखाना झाला, कागद झाले, सह्या झाल्या. कपिल दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचा बंद झाला. सगळ्यांनी आक्काताईंना सगळं विचारलं, फक्त तुम्हाला काय पाहिजे हे कुणी विचारलं नाही. त्यांना पाहिजे होतं एवढंच, की त्या पोरानं समोर यावं आणि कसं झालं ते सांगावं. पाच वर्षांनी त्यांनीच त्याला मिरजेत हुडकून काढला. तो भाजीचा गाडा लावत होता. आक्काताईंना बघून तो गाडा सोडून पळायला लागला, तर ह्यांनी त्याचा शर्ट धरला. मग तो म्हणाला, कानात गाणी लावली हुती, आक्का, तुमची हाक ऐकूच आली न्हाई. दोघं त्या गाड्यामागं बसून रडली. आक्काताई म्हणतात, बोटं काय परत यायची न्हवती, पण त्या दिवसापास्नं मला झोप लागाय लागली.

पुढं त्या गावी आल्या. सांगलीच्या एका संस्थेनं बचत गटाच्या बायकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं होतं, तिथं त्यांना कळलं की आपल्याला जे पाहिजे होतं त्याची रीतच आहे. गोल करून बसायचं. पहिलं विचारायचं काय झालं, मग कुणाला काय भोगावं लागलं, आणि शेवटी आता काय करायचं. एक वस्तू फिरवायची, ज्याच्या हातात ती वस्तू त्यानंच बोलायचं. पहिल्या बैठकीला आक्काताईंनी ताक घुसळायची रवी फिरवली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ होते. थोरल्यानं बोलता बोलता ती रवी अशी नाचवली की धाकटा चप्पल टाकून पळाला. दुसऱ्या रविवारपासून आक्काताईंनी तांब्या आणला. काठोकाठ पाण्यानं भरलेला. तो दोन्ही हातांनी धरायचा आणि बोलायचं. सांडलं की गप्प बसायचं, तांब्या परत भरायचा, मग पुढं. माणूस कितीही पेटलेला असो, भरल्या तांब्यामुळं त्याचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सुरुवातीला वरच्या आळीतले चौघे तांब्या आपापल्या घरून आणायचे. आक्काताई म्हणाल्या, आणा की, माझा घासायचा वाचला. चार-पाच महिन्यांत त्यांचं आणायचं आपोआप बंद झालं.

आणि एक गोष्ट, मी चटई बघायला गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावली होती. बाईमाणसावर हात टाकलेला असला, लेकराला त्रास दिलेला असला, जातीवरून शिवी दिलेली असली, तर ते त्यांच्या चटईवर नाही. ते सरळ ठाण्यात. दोन बायकांना त्या स्वतः एस.टी.त बसवून ठाण्यात घेऊन गेल्यात आणि तक्रार लिहून होईपर्यंत बाकड्यावरून उठल्या नाहीत.

आता सृष्टीचं सांगतो. रिटायर झाल्यावर मी गावातल्या पोरींना पोलीस भरतीसाठी पळवायला लागलो. सात पोरी होत्या, त्यात सृष्टी एकोणीस वर्षांची. आठशे मीटर ती पावणेतीन मिनिटांत मारायची. आमच्या गावातून एकही पोरगी खात्यात गेली नव्हती आणि ही जाणार, असं मी छातीठोकपणे सांगत फिरत होतो. तिचा बाप कुपवाडला कामाला, शनिवारी गाडीवरून घरी येतो. आई दीपमाला द्राक्षबागांच्या टोळीत मजुरीला. सृष्टी पण त्याच टोळीत, आणि सगळ्या टोळीत कलम भरणारी पोरगी ती एकटीच. कलम भरणं म्हणजे जंगली जातीचा खुंट लावलेला असतो, त्याला चीर पाडून चांगल्या द्राक्षाची काडी त्यात बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. हात हलका पाहिजे आणि नजर पक्की. तिचं कलम सहसा वाया जात नाही, असं बागायतदारच म्हणायचे.

एप्रिलची छाटणी चालू होती, भाऊसोच्या बागेत. भाऊसो म्हणजे आमच्याकडचा मोठा बागायतदार. माणूस वाईट नाही, पण ताठ. त्यानं बॅटरीवर चालणारी नवी कात्री आणली होती. संध्याकाळी सामान गोळा करताना ती मिळेना. शेवटची सृष्टीच्या हातात होती, असं कुणीतरी म्हणालं. झालं. भाऊसोनं सगळ्या टोळीसमोर तिची पिशवी उपडी केली. भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली आणि पळायचे बूट निघाले. तरी तो म्हणाला, ही चोरटी पोरगी माझ्या बागेत परत दिसायची नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे बागायतदार पण टोळीला सांगायला लागले, तेवढी ती नको.

पोरगी मैदानावर येत होती, पळत होती, बोलत काहीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, काही न्हाई काका. मे महिन्याच्या अखेरीला ती रस्त्यानं चालली होती, आणि भाऊसो बांधावरची शेवरी छाटत होता. त्याच कात्रीनं. कात्रीच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती पट्टी एप्रिलात सृष्टीनंच गुंडाळलेली. म्हणजे कात्री सापडली होती, आणि हा गडी कुणाला काही बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सगळा गाव एका लग्नाला गेलेला. भर दुपारी सृष्टी साधी कात्री घेऊन भाऊसोच्या बागेत शिरली आणि वेलींची एक ओळ कापली. चौसष्ट वेली. त्याही कलमाच्या सांध्याच्या खाली, म्हणजे वरचं सगळं गेलं, खाली नुसता जंगली खुंट राहिला. तिथून ती सरळ माझ्या घरी आली, घामानं निथळत, आणि मला म्हणाली, "काका, मी भाऊसोकाकांची एक वळ कापून आलीय."

मी दार लावून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर पहिलं काय आलं, तर गुन्हा. एकदा गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत नाव अडकणार, आणि पोरीचं पोलिसात जायचं संपलं. हे मी जन्मभर बघितलेलं. बाग कापणं म्हणजे आमच्याकडं काय असतं, हे मी वेगळं सांगायला नको. वेल उभी करायला दोन वर्षं जातात.

मग मी माझं डोकं चालवलं, आणि इथंच माझी माती झाली. आमच्याकडं भांडण मिटलं हे कशावरून कळतं, तर फेट्यावरून. दोन्ही पार्ट्यांना फेटा बांधायचा, हातात नारळ द्यायचा, गळाभेट घालायची, फोटो काढायचा. तंटा मिटला. मी स्वतः असे कितीतरी फेटे बांधून घेतलेत. भाऊसोच्या हातापाया पडलो, चार वजनदार माणसं मध्ये घातली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळात कार्यक्रम ठेवला. पाच फेटे आणले. भाऊसोच्या डोक्याला गुलाबी फेटा. सृष्टीला सांगितलं, पाया पड आणि चुकले म्हण, बाकी मी बघतो. ती पाया पडली. चुकले म्हणाली. भाऊसो म्हणाला, जा पोरी, पोटात घातलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला पुढं झाला. आणि हातात नारळ घेतलेली सृष्टी उभी राहून म्हणाली, "भाऊसोकाका, कात्री कुटं घावली, तेवढं सांगा."

भाऊसोचं तोंड फेट्यापेक्षा लाल झालं. त्यानं फेटा ओढून खाली टाकला आणि म्हणाला, उद्या सकाळी ठाण्यात जातो, बघतो कोण अडवतंय. आणि तरातरा निघून गेला. मी सृष्टीवर इतका ओरडलो की पुजाऱ्यानं मला बाहेर नेलं.

तसाच आक्काताईंच्या दारात गेलो. त्या मटकी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी मला विचारलं, "फेटं किती आणलंतं?"

"पाच."

"आनी इचारलंतं किती जणास्नी?"

भाऊसोला मी विचारलं नव्हतं की तुझं काय म्हणणं आहे. सृष्टीला विचारलं नव्हतं की तू असं का केलंस. मला घाई झाली होती फोटोची. आक्काताईंनी मटकीचं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि भाऊसोच्या घरी निघाल्या. मी मागं मागं. त्यांनी मला गोठ्यापाशीच थांबवलं.

भाऊसो अर्धा तास ओरडत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं. आक्काताई एका शब्दानं त्याला माफ कर म्हणाल्या नाहीत. तो दमल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या पोरीला तुमाला काय इचारायचं हाय का? तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एक हाय. अडीच एकर बाग उघडी पडली हुती, लग्नात गाव रिकामा, आडवणारं कुणी न्हवतं, तरी तिनं मदली एकच वळ का कापली? त्या म्हणाल्या, मग रविवारी या आणि तिलाच इचारा, पटलं न्हाई तर सोमवारी ठाणं कुटं पळून जात न्हाई. भाऊसो हो म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला नाही.

रविवारी चटईवर आम्ही सहा जण. सृष्टीच्या बापाला त्या आठवड्याला सुट्टी मिळाली नव्हती. भाऊसो आणि त्याची बायको राहीबाई, सृष्टी आणि दीपमाला, आक्काताई, आणि मी. फेटे मी आणले म्हणून मला पण बसवलं होतं, पण अट घातली होती, तांब्या हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पहिला तांब्या सृष्टीकडं. तिनं सगळं सांगितलं, कधी गेली, कुठून शिरली, कशानं कापली. रागाच्या भरात झालं, असं पण ती म्हणाली नाही. म्हणाली, मी ठरवून गेली हुती. मग भाऊसोनं तांब्या घेतला आणि तोच प्रश्न विचारला, एकच ओळ का. तांब्या परत सृष्टीकडं आला. ती म्हणाली, "ती वळ माझ्या हातची हाय, काका. गेल्या साली चौसष्ट कलमं मीच भरली हुती तितं. दुसऱ्या कुणाच्या कलमाला मी हात लावला न्हाई. तुमी मला चोर म्हनला. म्हनलं, चोराचे कष्ट तरी तुमच्या बागेत कशाला राहू द्यायचे."

मी तेहतीस वर्षांत शेकडो जबाब घेतले. असा जबाब मी कधी लिहिला नव्हता. तांब्यातलं पाणी जराही हललं नाही तिच्या हातात.

आक्काताईंनी कुणाला बोल म्हटलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी भाऊसोनं हात पुढं केला. त्याच्या हातात तांब्या आल्या आल्या सांडला. आक्काताईंनी परत भरला. परत सांडला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चौथ्या दिवशी घावली. फवारणीच्या मशीनच्या पेटीत. मीच ठेवली हुती." मग म्हणाला की तेव्हाच टोळीत जाऊन सांगणार होता, पण पाय उचलेना. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर मागं कसं घ्यायचं, याची लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना गेला, आणि मग वाटलं, आता पोरगी पण विसरली असेल.

राहीबाईंना हे माहीतच नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं ते मी सांगत नाही. तांब्या घेतला आणि म्हणाल्या, मी पाच-सहा घरांत सांगितलंय, दीपमालाच्या पोरीनं कात्री चोरली म्हणून. लग्नातसुदा सांगितलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ. दीपमालाची पाळी आली तेव्हा ती माउली फक्त एवढंच बोलली, की एप्रिलपासून पोरगी घरात शिरायच्या आधी उंबऱ्यावर पिशवी उपडी करते आणि मग आत येते. आईच्या घरात. एवढं बोलून तिनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

मग तांब्या माझ्याकडं आला. मला वाटलं होतं, मी सृष्टीची बाजू मांडीन. पण तो भरलेला तांब्या हातात आला की खोटं बोलायला जमत नाही बघा. मी म्हणालो, फेटे मी सृष्टीसाठी आणले नव्हते. गावातली पहिली पोलीस पोरगी माझ्या हाताखालची असावी, माझं नाव व्हावं, म्हणून आणले होते. हे बोलताना माझा निम्मा पायजमा भिजला. कुणी हसलं नाही.

शेवटचं राहिलं होतं, आता काय करायचं. सृष्टीला विचारलं तर ती म्हणाली, जितं बोललात तितंच, टोळीसमोर, बोला. भाऊसो म्हणाला, बोलतो. मग आक्काताईंनी त्याला विचारलं, तुमाला काय पायजे? तो म्हणाला, माझी वळ. सृष्टीनं लगेच तांब्या घेतला. पावसाळ्यात खुंटाला फूट येईल, सप्टेंबरात मी परत कलमं भरती, तवर पाणी-माती बघायला रोज सकाळी येती, जित्ती हुईस्तवर येती.

आता मात्र माझं डोकं फिरलं. टोळीत परत गेली की दिवसभर मजुरी, म्हणजे तिला पळायला सकाळच तेवढी मोकळी. ती पण दिली तर भरतीचं काय? मी बोलायला तोंड उघडलं, तर आक्काताई म्हणाल्या, तांब्या तुमच्या हातात न्हाई, हवालदार. आणि सृष्टी माझ्याकडं बघून हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग मी गप्प बसलो. फेटा नाही, नारळ नाही, फोटो नाही. राहीबाईंनी सगळ्यांना चहा केला आणि आम्ही घरी गेलो.

चौथ्या दिवशी टोळी भाऊसोच्या बागेत असताना तो बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, कात्री माझ्याच पेटीत हुती, सृष्टीनं चोरली न्हाई, मी खोटं बोललो. एवढंच. मान खाली घालून निघून गेला. खरं सांगू का, एवढ्यानं सगळं धुऊन निघालं नाही. दोन-चार लोक म्हणायचेच, आक्काताईंनी बळंच बोलायला लावलं असेल, पोरीनं बाग कापायची धमकी दिली असेल. हे सृष्टीच्या कानावर जायचं. मी आक्काताईंकडं जाऊन चिडायचो, तुमच्या चटईनं काय झालं मग? त्या म्हणायच्या, निम्मं झालंय, निम्मं त्याचं तो करंल.

पोरगी मात्र बोलली तशी वागली. जून ते ऑक्टोबर, एक सकाळ चुकली नाही. सप्टेंबरात तिनं चौसष्ट खुंटांना चौसष्ट काड्या बसवल्या. खुंटाची जंगली फूट रोज काढायला लागते, नाहीतर ती कलमाला खाऊन टाकते. ती रोज काढायची. मी एकदा रागारागानं तिला बोलवायला गेलो, तर भाऊसो ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून फूट काढत येत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पण काम चाललं होतं. मी तसाच परत आलो. एकोणसाठ कलमं लागली, पाच गेली. ती पाच तिनं पुढच्या सप्टेंबरात परत भरली, सांगायला कुणी गेलं नव्हतं.

त्या साली भरतीत ती मैदानी चाचणीत पडली. सराव कुठं होता? मी दोन दिवस जेवलो नाही. ती मात्र म्हणाली, काका, पुढच्या साली. आणि पुढच्या साली आठशे मीटर तिनं दोन मिनिटं अडतीस सेकंदांत मारलं, लेखीत पण निघाली. यादीत नाव आलं त्या दिवशी मी म्हातारा मैदानाला एक फेरी मारून आलो, गुडघ्यासकट.

राहिली होती पडताळणी. ठाण्यातून एक तरणा शिपाई गावात आला. नोंद काहीच नव्हती, त्यामुळं मी निर्धास्त होतो. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या म्हणून त्याला घेऊन फिरत होतो, तर वाटेत भाऊसो भेटला. शिपायानं आपलं विचारलं, काका, या मुलीची वागणूक कशी? मला वाटलं, चांगली म्हणेल आणि सही करेल.

भाऊसो म्हणाला, "तिनं माझी चौसष्ट वेलींची वळ कापली हुती."

मी त्याचा हात दाबला, त्यानं तो झटकला. शिपायाला ओढत बागेत घेऊन गेला आणि त्या ओळीपाशी उभा केला. घड लागले होते. मग त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, कात्री, पिशवी, मशीनची पेटी, दीड महिना तोंड बंद ठेवलेलं, सगळं. मग म्हणाला, "खोटा आळ मी घेतला हुता. ते लिवा. माझं नाव घालून लिवा."

शिपाई गोंधळला. म्हणाला, काका, तक्रार होती का तिच्यावर? न्हवती. मग तुमचं लिहायला या फॉर्मात रकाना नाही. भाऊसो म्हणाला, मग मागल्या बाजूला लिवा, कागद कोरा हाय की. शेवटी त्या पोरानं पुढं वर्तणूक चांगली असं लिहिलं, मागं दोन ओळी लिहिल्या आणि भाऊसोनं त्याखाली संपूर्ण नावानिशी सही केली. असला कागद मी माझ्या उभ्या नोकरीत बघितला नाही.

मी धापा टाकत आक्काताईंकडं गेलो. त्या चटई झटकत होत्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मला काय सांगताय? तिला सांगा."

सृष्टी त्या दिवशी मेडिकलसाठी सांगलीला गेली होती. तिथंच आक्काताईंच्या ओट्यावर बसून मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "काका, त्या शिपायानं त्यास्नी कात्रीचं इचारलं हुतं?"

"न्हाई."

"मग आक्काताईंनी सांगा म्हनून सांगितलं हुतं?"

"न्हाई गं. त्या तितं न्हवत्याच."

"मंजे आपनहून बोलले?"

"आपनहून," मी म्हणालो.

तेव्हा ती रडायला लागली. पिशवी उपडी केली त्या दिवशी रडली नव्हती, देवळात नाही, चटईवर नाही, भरतीत पडली तेव्हा पण नाही. मी तिला गप्प हो म्हणालो नाही. मीही रडत होतो, आणि आक्काताई माझ्या हातातून फोन घेऊन स्वतःच्या कानाला लावून बसल्या.